बदकांना खाऊ देताना आधी वास घ्या

बदकांना खाऊ घालायचा तर पावाचे तुकडे नकोत. पोट भरतं, पोषण मिळत नाही. मटारचे दाणे, बारीक चिरलेली काकडी, कलिंगडाचा गर, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या हे सगळं उत्तम. पाण्यात टाकलेल्या मटारामागे ती कशी धावतात, हे बघण्यासारखं असतं! पालक मात्र क्वचितच द्या. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि अंडी देणाऱ्या मादीला तर ते फार लागतं.

खरी काळजी घ्यायची ती बुरशीची. ओलसर मका, खवट शेंगदाणे, पावसाळ्यात दमट झालेली शेंगदाण्याची पेंड यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं आणि बदकं, त्यातही पिल्लं, त्याला कोंबड्यांपेक्षा कितीतरी लवकर बळी पडतात. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकांची पिल्लं मोठ्या संख्येनं दगावली, ती अशाच शेंगदाणा पेंडीमुळे. म्हणून जरा जरी कुबट वास आला तरी ते धान्य फेका. धुऊन, वाळवून किंवा भाजूनही ते विष पूर्ण जात नाही.

अ‍ॅव्होकॅडो, कांदा, चॉकलेट, फरसाण अजिबात नको. खाऊ रोजच्या आहाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा. शेजारी चोच बुडेल एवढं खोल पाणी हवंच, कारण बदक घास पाण्याबरोबरच गिळतं.