कोविड विभागात रुजू होणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी: आजाराचा दिवस आणि ऑक्सिजनची गरज

कोविड रुग्णांच्या विभागात नव्याने रुजू होणारे निवासी डॉक्टर सुरुवातीला बहुधा औषधांच्या मात्रा विचारतात. मात्रा तक्त्यावर लिहिलेल्या असतात आणि थोड्याच दिवसांत पाठ होतात. त्याआधी दोन प्रश्नांची सवय लावून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगते: या रुग्णाच्या आजाराचा आज कितवा दिवस आहे, आणि त्याला ऑक्सिजन लागतो आहे का? महासाथीत आणि तिच्यानंतरही हे काम करताना मला सतत दिसत आले की, चाचणीचा अर्थ कसा लावायचा, कोणते औषध द्यायचे आणि रात्रपाळीत कोणावर अधिक लक्ष ठेवायचे, हे सारे या दोन उत्तरांवर ठरते.

आजाराचा दिवस पहिल्या लक्षणापासून मोजायचा असतो. चाचणीच्या किंवा दाखल झाल्याच्या तारखेपासून नव्हे. रुग्ण ‘कालपासून ताप आहे’ असे सांगतो. पण घसा कधी खवखवू लागला, अंग कधी दुखू लागले, जेवणावरची वासना कधी उडाली, असे एकेक विचारत गेले की तीच तारीख कित्येकदा तीन-चार दिवस मागे सरकते. नातेवाइकांना वेगळे विचारावे, आणि ठरलेली तारीख केसपेपरच्या पहिल्याच ओळीत लिहावी. पहिल्या आठवड्यात विषाणूची वाढ हा मुख्य भाग असतो. साधारण सातव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान काही रुग्णांत शरीराची स्वतःची दाहप्रतिक्रिया अनावर होते आणि फुफ्फुसे झपाट्याने बिघडतात. त्यामुळे पाचव्या दिवशी शांत पडून असलेल्या, पण वयस्कर, मधुमेही किंवा लस न घेतलेल्या रुग्णाला ‘स्थिर’ असा शेरा देऊन पुढे जाऊ नये. वृद्धांमध्ये तर ताप-खोकला नसतानाही केवळ जुलाब, गळून जाणे किंवा अचानक आलेला गोंधळ एवढेच लक्षण असू शकते.

आरटी-पीसीआर चाचणीचे उत्तरही दिवसाशिवाय वाचता येत नाही. लक्षणे सुरू होण्याआधी किंवा अगदी पहिल्या दिवशी घेतलेला स्वॅब निगेटिव्ह येऊ शकतो. उशिरा, आजार फुफ्फुसात उतरल्यावर घेतलेला नाकाचा स्वॅबही निगेटिव्ह येतो आणि तेव्हा श्वासनलिकेतील स्राव तपासणे अधिक उपयोगी ठरते. स्वॅबची काडी नाकात वरच्या दिशेने न नेता टाळूला समांतर, मागे घशाच्या भिंतीपर्यंत न्यावी लागते. नमुना चांगला नसेल तर यंत्र कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. उलट बाजूने, बरा झालेला रुग्ण कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतो, कारण चाचणी विषाणूच्या आरएनएचे तुकडे शोधते आणि ते तुकडे जिवंत विषाणूचेच असतात असे नाही. अँटिजेन चाचणी अर्ध्या तासाच्या आत उत्तर देते. लक्षणे असताना ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा. निगेटिव्ह आली तर मात्र संशय कायम ठेवून आरटी-पीसीआर करावी. सीटी स्कॅनवर दोन्ही फुफ्फुसांच्या कडेला दिसणारी धूसरता बोलकी असते, परंतु इतर विषाणूजन्य न्यूमोनियातही तशीच दिसते. हृदय निकामी होणे, क्षयरोग, फुफ्फुसाच्या रोहिणीत अडकलेली गुठळी ही निदाने पॉझिटिव्ह अहवालाने नाहीशी होत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

आता दुसरा प्रश्न. काही रुग्ण सहज बोलत असतात आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ८५ टक्के दाखवतो. दम लागत नाही म्हणजे ऑक्सिजन पुरेसा आहे, असे या आजारात गृहीत धरता येत नाही. म्हणून नोंद स्वतः घ्यावी: बोट उबदार असावे, नखाला रंग नसावा, यंत्रावरची नाडीची लहर स्थिर दिसावी, आणि आकडा ऑक्सिजन काढून मोजला की लावून, हे लिहावे. गडद त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, त्यामुळे सीमेवरच्या आकड्यावर विसंबू नये. श्वासाची गती पूर्ण एक मिनिट मोजावी. मिनिटाला ३० च्या पुढे गेलेली गती हे गंभीर आजाराचे लक्षण आहे. बसून ९५ टक्के असलेल्या रुग्णाला खोलीतच थोडे चालवून पुन्हा मोजावे. बहुतेक रुग्णांत ९२ ते ९६ टक्के हे लक्ष्य पुरेसे असते. फुफ्फुसाच्या जुनाट अडथळ्याच्या आजारात ते ८८ ते ९२ ठेवतात. ऑक्सिजन सुधारण्यासाठी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पालथे झोपवण्याचा उपाय साधा आहे, पण समजावून सांगायला वेळ द्यावा लागतो, आणि माझ्या अनुभवात ते परिचारिकांइतके चांगले कोणालाच जमत नाही.

स्टिरॉइडबाबत, म्हणजे दाह कमी करणाऱ्या औषधाबाबत, मी सर्वांत आग्रही आहे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषधचाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, कदाचित नुकसानच झाले. तिसऱ्या दिवशी नुसता ताप उतरत नाही म्हणून नातेवाइक कितीही विनवणी करोत, या कारणासाठी स्टिरॉइड सुरू करू नये. सुरू केल्यावर रक्तातील साखर दिवसातून अनेकदा तपासावी; मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्यावर सूज, नाकातून काळसर स्राव किंवा डोळ्याभोवती दुखणे दिसले तर म्युकरमायकोसिस या घातक बुरशीसंसर्गाच्या शंकेने त्याच तासाला कान-नाक-घसा तज्ज्ञांना बोलवावे.

विषाणुरोधक औषधांचा हिशेब उलटा आहे: ती जितकी लवकर, तितकी उपयोगी. निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करावे लागते, आणि रिटोनाव्हिरमुळे इतर अनेक औषधांची रक्तातील पातळी धोकादायक वाढू शकते. म्हणून रुग्णाच्या घरच्या गोळ्यांची यादी आधी मागवावी. ऑक्सिजनची गरज वाढतच असेल तर स्टिरॉइडसोबत टोसिलिझुमॅब किंवा बॅरिसिटिनिब या दाहप्रतिक्रिया दाबणाऱ्या औषधांचा निर्णय वरिष्ठांबरोबर, दुसरा जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घ्यावा. दाखल रुग्णाला रक्ताच्या गुठळ्या रोखणारे हेपारिन दिले नसेल तर ते का दिले नाही, याचे कारण केसपेपरवर असलेच पाहिजे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचे औषध कोविडवर मोठ्या औषधचाचण्यांत निरुपयोगी ठरले आहे, आणि जिवाणूंचा पुरावा नसताना प्रतिजैविके देऊ नयेत.

संरक्षक पोशाख चढवण्यापेक्षा उतरवताना अधिक धोका असतो, कारण तेव्हा आपण थकलेले असतो. घाई न करता प्रत्येक टप्प्यावर हात स्वच्छ करावेत आणि एन-९५ मास्क खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी काढावा.

घरी सोडण्याच्या दिवशी हेच दोन प्रश्न पुन्हा विचारावेत. आठव्या दिवशी बरे वाटते म्हणून निघालेल्या रुग्णाचा धोक्याचा काळ संपलेला नसतो. त्याला ऑक्सिजनशिवाय चालवून पाहावे, स्टिरॉइड बंद झाल्याचे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे, साखर पुन्हा कधी तपासायची ते सांगावे, आणि ऑक्सिमीटरचा आकडा कितीच्या खाली गेल्यास परत यायचे हे घरातल्या एका माणसाकडून म्हणवून घ्यावे.