टीव्हीवरची रेसलिंगची लढत कशी जोखावी

व्यावसायिक रेसलिंगचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आता कोणापासून लपलेले नाही. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या रेसलिंग कंपनीनेच हा प्रकार म्हणजे करमणूक आहे असे सांगितले होते आणि त्यामागे राज्याच्या क्रीडा आयोगाच्या नियंत्रणातून सुटण्याचा सरळ व्यावहारिक हेतू होता. निकाल ठरलेला असेल तर ‘कोण श्रेष्ठ?’ हा प्रश्न बाद होतो. उरतो तो एवढाच प्रश्न, की दोन मल्लांनी मिळून आपल्यासमोर जे उभे केले ते चांगले होते की नव्हते आणि ते कशावरून म्हणायचे. बरेच प्रेक्षक डावांच्या संख्येवर, उड्यांच्या उंचीवर किंवा आवडत्या मल्लाच्या विजयावर हा निवाडा करतात. अनेक वर्षे मीही तेच करत होतो. पुढे जुन्या लढती पुन्हापुन्हा पाहताना माझी कसोटी हळूहळू बदलत गेली आणि आता मी मुख्यतः एकच गोष्ट तपासतो: आधी जे घडले ते लढतीला पुढे आठवते का? पाचव्या मिनिटाला लागलेला मार विसाव्या मिनिटाला शिल्लक असतो का, फसलेल्या डावातून कोणी काही शिकतो का आणि ज्या वैरापोटी हे दोघे रिंगमध्ये उतरले ते वैर त्यांच्या हालचालींत दिसते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडते.

म्हणून पहिली तयारी लढतीआधीच करावी. हे दोघे का लढत आहेत, हे एका वाक्यात सांगता येते का ते पाहावे. येत नसेल तर तो बहुधा कथानक रचणाऱ्या लेखकांचा दोष असतो आणि त्याचे ओझे मल्लांना वाहावे लागते. २९ मार्च १९८७ रोजी तिसऱ्या रेसलमेनियात, म्हणजे याच कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, झालेली रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. त्याआधी काही महिने सॅव्हेजने रिंगजवळची घंटा वापरून स्टीमबोटचा गळा जायबंदी केल्याचे कथानक रचले गेले होते. रेसलमेनियातील लढत जेमतेम पंधरा मिनिटांची आहे, पण शेवटाकडे सॅव्हेज पुन्हा तीच घंटा हातात घेतो तेव्हा कोणीही काही समजावून न सांगता प्रेक्षकाला सगळा इतिहास आठवतो. या वेळी मात्र स्टीमबोटच्या बाजूने आलेला मल्ल जॉर्ज स्टील मध्ये पडतो, सॅव्हेजचा बेत उधळला जातो आणि स्टीमबोट क्षणात त्याला गुंडाळून पिन करतो, म्हणजे रेफरी तीन मोजेपर्यंत त्याचे खांदे जमिनीला टेकवून ठेवतो. या लढतीच्या वेगाचे आणि सफाईचे नेहमीच कौतुक होते आणि ते योग्यही आहे, परंतु माझ्या मते तिचे खरे वजन त्या घंटेत आहे.

पहिल्यांदा पाहताना वही-पेन दूर ठेवावे. आपण प्रेक्षक आहोत, परीक्षक नाही, असे समजून पूर्ण लढत पाहावी आणि ती संपल्यावर आपोआप आठवलेले दोन-तीन क्षण तेवढे लिहून ठेवावेत. एकही क्षण आठवला नाही, तर तोही निष्कर्षच आहे.

दुसऱ्यांदा पाहताना नजर मारणाऱ्यावर न ठेवता मार खाणाऱ्यावर ठेवावी. माझ्या अनुभवात या एका सवयीचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही. लागलेला मार खरा वाटावा अशा रीतीने देहबोलीतून दाखवण्याच्या कलेला सेलिंग म्हणतात आणि रेसलिंगचा निम्म्याहून अधिक कस तिथेच लागतो. एखाद्या मल्लाचा गुडघा दहा मिनिटे पिळला गेला असेल आणि त्यानंतर तो त्याच पायावर धावत जाऊन वरच्या दोरावर चढत असेल, तर ती दहा मिनिटे फुकट गेली असे समजावे. याचा अर्थ त्याने धावूच नये असा नाही. धावल्यावर पाय लंगडावा, उडी मारल्यावर त्याने गुडघा धरावा, त्या वेदनेमुळे पिन करायला त्याला क्षणभर उशीर व्हावा आणि त्या क्षणात प्रतिस्पर्ध्याने सुटून जावे. असे झाले की तोच गुडघा लढतीचा कणा बनतो. २३ मार्च १९९७ रोजी झालेल्या तेराव्या रेसलमेनियात ब्रेट हार्टने स्टीव्ह ऑस्टिनच्या पायावर केलेले काम या नजरेने पाहावे. रिंगच्या खांबाला धरून त्याने ऑस्टिनचा पाय आवळला आणि शेवटी शार्पशूटर हा पायांना आणि पाठीला पीळ देणारा डाव टाकला, तेव्हा आधीचे सगळे त्या एका पकडीत जमा झालेले होते. रक्ताने माखलेला ऑस्टिन हार मानत नाही, तो शुद्ध हरपतो. हार्ट लढत संपल्यावरही त्याला मारत राहतो. ज्याला लोक नायक समजत होते तो खलनायक झाला आणि ज्याची हुर्यो उडत होती तो नायक झाला. दोघांच्या भूमिका एकाच लढतीत, तेही एकाही संवादाशिवाय, उलटल्या. इतके स्वच्छ काम त्यानंतर माझ्या पाहण्यात फार थोड्या वेळा आले आहे.

त्यानंतर निर्णायक डावांचा हिशेब करावा. प्रत्येक मोठ्या मल्लाचा एक ठरलेला शेवटचा डाव असतो, ज्याला फिनिशर म्हणतात, आणि तो लागल्यावर लढत संपते असे प्रेक्षकाच्या मनावर वर्षानुवर्षे ठसवलेले असते. ही विश्वासाची पुंजी आहे. रेफरीचा हात तिसऱ्यांदा खाली येण्याआधी जेव्हा समोरचा खांदा उचलतो, म्हणजे किक-आउट करतो, तेव्हा त्या पुंजीतला काही भाग खर्च होतो. खर्च करणे वाईट नाही, पण त्याच्या बदल्यात काय मिळाले ते विचारले पाहिजे. ५ एप्रिल २००९ रोजी पंचविसाव्या रेसलमेनियात शॉन मायकल्स अंडरटेकरच्या टूमस्टोन या फिनिशरमधून सुटला, तेव्हा कॅमेऱ्याने अंडरटेकरचा चेहरा दाखवला. डोळे विस्फारलेले होते आणि त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. त्या चेहऱ्याने डावाची प्रतिष्ठा कमी होण्याऐवजी वाढवली, कारण घडले ते अघटित आहे असे डाव टाकणाऱ्यानेच कबूल केले. याउलट हल्लीच्या अनेक मोठ्या लढतींत तोच डाव तीन-चार वेळा लागतो, प्रत्येक वेळी खांदा दोनच्या आकड्यावर उचलला जातो, टाकणारा फक्त डोके हलवतो आणि पुढच्या उडीची तयारी करतो. पहिल्या किक-आउटला मी श्वास रोखतो. चौथ्याला मी घड्याळाकडे पाहतो.

हा हिशेब एका लढतीपुरता न ठेवता अनेक लढतींवर कसा चालवता येतो, याचा उत्तम नमुना केनी ओमेगा आणि काझुचिका ओकाडा यांच्या न्यू जपान या जपानी रेसलिंग कंपनीतील चार लढतींत सापडतो. ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममध्ये झालेल्या पहिल्या लढतीत, सेहेचाळीस मिनिटांहून अधिक काळ झुंजूनही, ओमेगाला आपला वन-विंग्ड एंजल हा डाव टाकताच आला नाही. जूनमधील दुसऱ्या लढतीत तो लागला, पण ओकाडाचा पाय दोराला टेकला (दोराला स्पर्श झाला की पिन तुटते) आणि साठ मिनिटे संपून लढत बरोबरीत सुटली. ऑगस्टमधील तिसऱ्या लढतीला तीस मिनिटांचीच मर्यादा होती, त्यामुळे दोघांनाही घाई होती, आणि त्यातच तो डाव लागून ओमेगा जिंकला. ९ जून २०१८ रोजी ओसाकात झालेल्या चौथ्या लढतीत त्याच डावाने त्याला विजेतेपद मिळाले. पहिल्या लढतीत जे घडले नाही त्याची किंमत दीड वर्षाने वसूल झाली. ज्यांना या चारही लढती पाहणे शक्य आहे त्यांनी त्या क्रमानेच पाहाव्यात. नुसती शेवटची पाहिली तर ती फार लांबलेली वाटेल आणि तसे वाटणाऱ्याला मी दोष देणार नाही.

टीव्हीचा म्हणून जो भाग असतो तो वेगळा काढून तपासावा. एकदा आवाज बंद करून पाहावे: समालोचकांचा आरडाओरडा गेल्यावरही लढत समजते का? समजत असेल तर श्रेय मल्लांचे आहे. साप्ताहिक कार्यक्रमात जाहिरातीच्या वेळी लढत बहुधा मान आवळण्यासारख्या संथ पकडीवर आणून ठेवली जाते. अशा पकडीत दोघे दम घेतात आणि पुढचे कानात कुजबुजून ठरवतात, त्यामुळे तिला सरसकट आळस म्हणू नये. मात्र पकडलेला सुटण्यासाठी धडपडतो आहे की निवांत पहुडला आहे, हे जरूर पाहावे. कॅमेरा नेमका आघाताच्या क्षणी बदलत असेल तर तो काय झाकतो आहे याचाही विचार करावा. कधी तो सैल पडलेला ठोसा झाकतो, तर कधी चांगल्या ठोशाचीही माती करतो, आणि हा दुसरा प्रकार मला अधिक खटकतो.

चुका होणारच. डाव हुकला, पाय घसरला, उडी कमी पडली, तर चूक मोजण्याऐवजी ती सावरली कशी ते पाहावे. वर उल्लेखलेल्या अंडरटेकर-मायकल्स लढतीत अंडरटेकर दोरावरून बाहेर झेपावला तेव्हा तो भयंकर रीतीने डोक्यावर आदळला. त्यानंतर रिंगबाहेरच्या मल्लाला परत येण्यासाठी असलेली रेफरीची दहापर्यंतची मोजणी सुरू झाली आणि तो ऐनवेळी कसाबसा आत सरपटला. ती झेप तशीच पडायची होती की नव्हती, हे पाहताना कळत नाही, आणि त्यातच त्या दोघांची कसबगारी आहे. पण येथे एक सावधगिरी बाळगावी: खरोखर धोकादायक पडणे म्हणजे गुणवत्ता नव्हे. समोरच्याचे शरीर सांभाळून त्याला जिवे मारतो आहोत असा भास निर्माण करणे हेच या धंद्यातले कौशल्य आहे आणि ज्याच्या हातून जोडीदार वारंवार जखमी होतात, त्याच्या ठोशाला कितीही आवाज असला तरी मी त्याला चांगला मल्ल मानत नाही.

लांबीवरून काही ठरवू नये. २०१६ च्या सर्व्हायव्हर सिरीज या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वार्षिक कार्यक्रमात गोल्डबर्गने ब्रॉक लेस्नरला १ मिनिट २६ सेकंदांत हरवले आणि तेवढ्यात प्रेक्षकांना जे हवे होते ते मिळाले. अर्ध्या तासाच्या कित्येक लढतींना ते साधत नाही.

प्रेक्षकांचा गजर हा पुरावा आहे, पण तो साक्षीदाराच्या जबानीसारखा तपासून घ्यावा. २००२ मध्ये टोरोंटोत रॉक आणि हल्क होगन समोरासमोर आले तेव्हा होगन खलनायक म्हणून उतरला होता, तरी सभागृह त्याच्याच बाजूने उभे राहिले. दोघांनीही ते ओळखून लढत चालू असतानाच आपली वागणूक बदलली. डावांच्या दृष्टीने त्या लढतीत विशेष काही नाही, तरीही ती मला चांगल्या लढतींत घ्यावीशी वाटते, कारण ऐकून घेणे हाही कौशल्याचाच भाग आहे. परंतु केवळ नावाला आणि प्रवेशाच्या संगीताला मिळालेल्या टाळ्या लढतीच्या खात्यावर मांडू नयेत.

राहता राहिला ताऱ्यांचा प्रश्न. लढतींना तारे देण्याची पद्धत डेव्ह मेल्ट्झर यांच्या रेसलिंग ऑब्झर्व्हर या वार्तापत्रामुळे सर्वांच्या परिचयाची झाली. पाच तारे हे टोक मानले जात असताना ओमेगा-ओकाडा यांच्या पहिल्या लढतीला त्यांनी सहा दिले आणि चौथीला सात. मोजपट्टीच लांबत गेली तर जुन्या पाच ताऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न मला अजूनही छळतो. शिवाय ज्या रात्री सॅव्हेज आणि स्टीमबोट लढले त्याच रात्रीच्या होगन आणि आंद्रे द जायंट यांच्या लढतीला मेल्ट्झर यांनी उणे चार तारे दिले. आंद्रेची पाठ निकामी झालेली होती, हालचाल फारशी नव्हती, हे सगळे मान्य. पण लढतीच्या सुरुवातीला होगन त्याला उचलायला जातो आणि त्याच्या वजनाखाली कोसळतो. शेवटी तोच होगन त्याच आंद्रेला उचलून आपटतो. सुरुवातीचे अपयश नसते तर शेवटच्या उचलण्याला काहीच अर्थ उरला नसता. माझ्या कसोटीवर ही लढत उणे ठरत नाही.

तारे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, मात्र ते त्याच रात्री देऊ नयेत. आठवडाभराने लढत पुन्हा पाहून आकडा लिहावा आणि त्याच्यापुढे तो का दिला याचे एक वाक्य लिहावे; पुढच्या वर्षी आकडा पाहून काही आठवणार नाही, पण वाक्य पाहून आठवेल. माझ्या वहीत सॅव्हेज आणि स्टीमबोट यांच्या नावापुढचा आकडा मी तीनदा खोडला आहे. त्याच्यापुढचे ‘घंटा परत आली’ हे तीन शब्द मात्र पहिल्या दिवसापासून तसेच आहेत.