पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी : या चुका टाळा

"ठोके छान आहेत, म्हणजे हृदय चांगलं आहे" ही समजूत सर्वांत महागात पडते. ठोके मिनिटाला 110 ते 160 असे व्यवस्थित असूनही हृदयाच्या रचनेत गंभीर दोष असू शकतो. पोटात असताना बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, स्वतःच्या फुप्फुसांतून नाही. त्यामुळे सदोष हृदयही बहुतेक वेळा नऊ महिने निभावून नेतं आणि खरा त्रास जन्मानंतर सुरू होतो.

चार कप्पे दिसले की तपासणी संपली, असंही नाही. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, तरी चारही कप्पे नॉर्मल दिसू शकतात. म्हणून हृदयातून निघणाऱ्या दोन्ही वाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात का, हे पाहावंच लागतं. रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना विचारा. त्यात संकोच कसला? बाळाच्या स्थितीमुळे नीट दिसलं नसेल, तर पुन्हा बोलावल्यावर जायचा कंटाळा करू नका.

पाचव्या महिन्यातलं अॅनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांतले दोष शोधणारी सोनोग्राफी) पुढे ढकलू नका. 18 ते 22 आठवडे हा चांगला काळ. भारतात 24 आठवड्यांनंतर गंभीर व्यंगासाठी गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. गर्भ ठेवायचाच असला, तरी तयारीला वेळ लागतोच.

आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असेल, आईवडिलांपैकी कुणाला किंवा आधीच्या मुलाला जन्मजात हृदयरोग असेल, तर अॅनॉमली स्कॅनवर न थांबता तज्ज्ञांकडून फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी, करून घ्या. घरातली ही माहिती लपवू नका.

हृदयात पांढरा ठिपका दिसला, असं वाचून रात्रभर रडू नका. एकटा ठिपका म्हणजे हृदयरोग नव्हे. उलट, नॉर्मल रिपोर्ट ही हमीही नाही: लहान छिद्र निसटू शकतं, महाधमनीचं अरुंदपण पोटात ओळखणं अवघड असतं. जन्मानंतर बाळ निळसर पडलं, दूध ओढताना दमलं किंवा घामेजलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि दोष सापडूनही नेहमीच्याच प्रसूतिगृहाचा हट्ट धरणं ही फार मोठी चूक. रक्तवाहिन्यांच्या अदलाबदलीत बाळाला पहिल्या काही तासांतच प्रोस्टाग्लँडिन या औषधाची (जन्मानंतर बंद होणारी हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडी ठेवणारं) गरज पडू शकते, आणि शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या काही आठवड्यांत करावी लागते. लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया जिथे होते, तिथेच किंवा त्याच्या जवळ प्रसूती ठरवा.