जुन्या चारशेसातच्या बोनेटखाली लाइट कशी बसवावी

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गेटबाहेर रात्रभर गाड्यांची रांग लागलेली असते. त्यात एखादी गाडी बोनेट उघडून उभी असली की चित्र ठरलेलं: ड्रायव्हरच्या दातांत मोबाइल, हातात पाना, आणि क्लीनर विचारतोय, "भाऊ, इकडे दाखवू का तिकडे?" बेल्ट तुटला की रेडिएटरचा पाइप फुटला, हे कळायलाच अर्धा तास जातो. बोनेटखाली कायमची लाइट असली तर हा तमाशा वाचतो. सामान फारसं महाग नाही, आणि वायर सोलता येणाऱ्या कोणालाही हे एका दुपारी जमतं. फक्त फ्यूज आणि अर्थिंग (निगेटिव्हची गाडीच्या बॉडीला जोडणी) यांत हयगय करायची नाही. गाडीत कापूस भरलेला असेल तर अजिबातच नाही. कापसाला ठिणगी लागली की तो आतल्या आत धुमसत राहतो आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

१९८६ साली आलेली टाटा ४०७ आपल्याकडे अजून खेड्याखेड्यांत चालते, म्हणून तीच डोळ्यांसमोर ठेवली आहे. बोलेरो पिकअपलाही हीच पद्धत लागू पडते. छोट्या हत्तीला (टाटा एस) मात्र नाही, त्याचं इंजिन सीटखाली असतं.

आधी व्होल्ट बघा

चारशेसात, पिकअप या गाड्या १२ व्होल्टच्या. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. अंदाजावर जाऊ नका, मल्टीमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.५ च्या आसपास दाखवते, चालू केल्यावर १४ च्या जवळ जाते. गाडी २४ व्होल्टची असेल तर दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढायची युक्ती काही जण सांगतात, ती करू नका. एक बॅटरी रिकामी होत राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर बसतात. त्यापेक्षा १०–३० व्होल्ट लिहिलेला एलईडी वर्क लॅम्प घ्या, तो दोन्हीकडे चालतो.

१२ व्होल्टच्या गाडीला एलईडी पट्टी पुरते. पाण्यापासून बचाव म्हणून सिलिकॉन चढवलेली घ्या. ५०५० जातीची, मीटरला ६० दिव्यांची पट्टी मीटरमागे साधारण १४ वॅट खाते, म्हणजे १.२ अँपिअर. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन तुकडे बोनेटखाली भरपूर झाले. पट्टी कापायची ती तिच्यावर छापलेल्या कात्रीच्या खुणेवरच.

रंग पांढराच घ्या, जमल्यास ४००० केल्विनचा (पाकिटावर लिहिलेला उजेडाच्या छटेचा आकडा). निळसर पांढऱ्या उजेडात ऑइलचा आणि कूलंटचा रंग फसवा दिसतो, आणि गळती कशाची आहे हे रंगावरूनच तर ओळखायचं असतं. निळ्या-लाल पट्ट्यांची हौस पोरांना असते, पण जुन्या गाडीच्या जाळीतून उजेड बाहेर येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०८ वा नियम पुढच्या बाजूला लाल दिवा दिसू नये असं सांगतो. नाक्यावर थांबायचं कारण आपल्या हातानं कशाला द्या?

बाकी सामान: १ चौरस मिलिमीटरची तांब्याची ऑटो वायर (घरच्या फिटिंगची नको, ती हादऱ्यानं आत तुटते), ब्लेड फ्यूजचा होल्डर, ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज, गाडीच्या दरवाजाला असतं तसं दाबाचं बटण, एक साधं चालू-बंद बटण, गोल थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं), श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायचं कडं) आणि वायरवर चढवायचा खाचांचा काळा पाइप. फ्यूज मागितला की दुकानदार बहुधा १० अँपिअरचा लाल काढून देतो, "हाच चालते" म्हणून. घेऊ नका. पट्टीच्या टोकाला आलेल्या वायरी फार बारीक असतात. शॉर्ट झालं तर १० चा फ्यूज उडायच्या आत त्याच पेटतील.

जोडणी

इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघालेला हायड्रोजन तिथंच असतो. काम झाल्यावर निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

पट्टी कुठे लावायची, यावर जरा डोकं चालवा. बोनेटच्या आतल्या बाजूला लावली तर उजेड वरून सगळीकडे पडतो, पण आपण वाकलो की आपल्याच डोक्याची सावली कामावर येते. दोन्ही बाजूंच्या मडगार्डच्या आतल्या कडेला एकेक तुकडा लावला तर उजेड समोरासमोर येतो आणि सावली कापली जाते. शिवाय बिजागरीवरून वायर न्यायची कटकट वाचते. मला दुसरी पद्धत पटते. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) असलेल्या बाजूला पट्टी जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवा, कारण उष्णतेनं एलईडी लवकर मरतात. मागचा चिकट कागद तर आपल्या मे महिन्यात टिकतच नाही. चंद्रपूर-अकोल्याकडे बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, बोनेटखाली काय होत असेल? पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवून स्क्रूनं आवळा.

आता वायर. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघाल्यावर वीतभराच्या आत फ्यूज होल्डर आला पाहिजे. फ्यूज पट्टीजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या वायरीला फ्यूजचं संरक्षण राहत नाही, आणि घासून शॉर्ट होते ती नेमकी तीच. फ्यूजनंतर चालू-बंद बटण, तिथून दोन्ही पट्ट्यांचे पॉझिटिव्ह. पट्ट्यांचे निगेटिव्ह एकत्र करून दाबाच्या बटणाला जोडा. हे बटण आतून बॉडीला अर्थ होतं: बोनेट उघडलं की दांडी वर येते, सर्किट पूर्ण होतं आणि लाइट लागते. बोनेट खाली आलं की दांडी दाबली जाते आणि लाइट बंद. हेडलाइटच्या वायरीवरून कनेक्शन ओढू नका, गाडी बंद पडलेली असताना चावीशिवायही लाइट लागली पाहिजे.

दाबाचं बटण जिथं बसेल तिथला रंग आणि गंज घासून लोखंड चकचकीत करा, मग आवळा आणि कडेनं ग्रीस लावा. जुन्या गाडीत लाइट मिणमिणण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा खराब अर्थ असतो. तपासायचं असेल तर लाइट चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक बटणाच्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पुन्हा घासा.

सांधे पिळून काळी टेप गुंडाळणं ही आपल्याकडची रीत आहे. उन्हात टेपचा डिंक पाघळतो आणि महिनाभरात ती सुटते. सोल्डर करा किंवा थिंबल दाबा, वर श्रिंक स्लीव्ह चढवा. सगळी वायर काळ्या पाइपात घालून मूळ हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) कडेनं केबल टायनं बांधा; फॅन, बेल्ट, सायलेन्सर यांच्यापासून दूर. पत्र्यातून जाईल तिथं ग्रोमेट हवाच. गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर पाइपाची दोन्ही तोंडं टेपनं बंद करा, उंदीर तिथूनच सुरुवात करतात.

लाइट खरंच बंद होते का?

बोनेट लावल्यावर आत काय होतं ते दिसत नाही. सोपा उपाय: इंजिन बंद असताना मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून तो एअर फिल्टरजवळ सपाट जागी ठेवा, बोनेट लावा, दहा सेकंदांनी उघडा आणि व्हिडिओ बघा. बोनेट टेकायच्या जरा आधीच अंधार झाला पाहिजे. झाला नाही तर बटणाखाली वॉशर घालून ते वर घ्या. हे टाळू नका, कारण १.२ अँपिअर रात्रभर, म्हणजे दहा तास चालू राहिलं की १२ अँपिअर-अवर गेले. नव्या बॅटरीला ते जाणवणार नाही, पण दमलेली बॅटरी पहाटे सेल्फ ओढणार नाही.

वॉशिंगला गाडी दिली की पोराला सांगा, प्रेशरचं पाणी त्या बटणावर आणि फ्यूज होल्डरवर सरळ मारू नकोस. आणि टूलबॉक्समध्ये दोन-तीन जांभळे फ्यूज टाकून ठेवा, नाहीतर रस्त्यात कोणीतरी तिथं तार बांधून देईल.