पासपोर्ट रखडला, तरी क्रूझ कशी साधली

आईच्या पासपोर्टचे नूतनीकरण पोलीस पडताळणीच्या टप्प्यावर अडकले आणि श्रीलंकेला जाणाऱ्या क्रूझची तारीख जवळ आली. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल, तर भारतीय नागरिकाला पासपोर्टशिवाय पर्याय नसतो. जन्मदाखला आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरते, असे जे वाचनात येते, ती सवलत अमेरिकेच्याच एका बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझवरील अमेरिकी नागरिकांसाठी आहे. आपण नागपूरकरांनी त्या भरवशावर मुळीच राहू नये.

पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर फाइल क्रमांक टाकून अर्ज नेमका कुठे थांबला आहे ते मी पाहिले आणि पत्त्याचे पुरावे घेऊन आईसह संबंधित कार्यालयात गेलो, पण तारखेची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते. तात्काळ योजनेत ३६ पानी पासपोर्टसाठी नेहमीच्या १,५०० रुपयांवर आणखी २,००० रुपये पडतात. ते अर्जाच्या वेळीच भरणे शहाणपणाचे ठरले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेर एजंटशी बोलून, भाड्यातील फरक सोसून, आम्ही मुंबई–गोवा फेरी घेतली. देशांतर्गत फेरीला आईचे मूळ आधारकार्ड चालले. मात्र तिकिटावरचे नाव आधारवरील नावाशी अक्षरशः जुळवून घेतले, कारण आईच्या कागदपत्रांत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे आहेत. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला उतरल्यावर बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर तपासणी विनाअडथळा पार पडली.