सोनोग्राफीवर बंदी नको, सेंटरवर नजर ठेवा

2011 च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या, राज्यात सगळ्यात कमी. तेव्हापासून ग्रामसभेत कुणी ना कुणी म्हणतंच, "सरकारनं ही सोनोग्राफीची मशीनच बंद करावी." मी आशा सेविका आहे आणि माझा याला ठाम विरोध आहे. ऊसतोडीहून परतलेल्या सातव्या महिन्यातल्या बाईची कित्येकदा एकही तपासणी झालेली नसते. वार (प्लासेंटा) खाली आहे का, बाळ आडवं आहे का, हे वेळेत कळायला सोनोग्राफीच लागते. मशीन बंद झाली तर मरण त्या बाईचं. मुली मारणारे चोरून मशीन आणतीलच.

1994 च्या गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यानं मशीन राहू दिली आणि लिंग सांगण्याला तुरुंग ठेवला. प्रत्येक मशीनची नोंद, प्रत्येक गरोदर बाईचा कागद. हे पाळलं जातंय का, ते आपल्याला पाहता येतं.

सेंटरमध्ये गेलात की आधी भिंत बघा. नोंदणीचं प्रमाणपत्र समोर लावलेलं हवं, त्यावरचा पत्ता तिथलाच हवा. गर्भलिंग सांगितलं जात नाही, असा मराठी बोर्डही हवा.

मग एफ फॉर्म. गरोदर बाईची सोनोग्राफी त्याशिवाय करता येत नाही. आधीचे मुलगे किती, मुली किती, तपासणी कशासाठी, कुणी पाठवलं, सगळं त्यात येतं. लिंग जाणून घ्यायचं नाही, असं लिहून बाईची सही घेतात. माझ्यासोबत आलेल्या एका सुनेपुढे कोराच फॉर्म सरकवला, बोट ठेवून "इथं सही कर". मी म्हणलं, आधी भरा, तिला वाचून दाखवा, मग सही. भरला त्यांनी. तुम्हीही कोऱ्या कागदावर सही होऊ देऊ नका.

गाडीत नाहीतर शेतातल्या घरी छोटी मशीन आणून कुणी तपासत असेल, तर तिथं थांबूच नका. तोंडानं, खुणेनं, पेढा-बर्फी म्हणून सांगितलं तरी तो गुन्हाच.

तक्रार लेखी द्या: ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. सेंटरचं नाव, तारीख, काय घडलं ते लिहा आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. कारवाई झाली नाही तर कोर्टात जाणार, हेही अर्जातच लिहा. याच कायद्याच्या कलम 28 प्रमाणे अशी किमान 15 दिवसांची नोटीस दिली की सामान्य माणूसही थेट कोर्टात जाऊ शकतो. हे आपल्याकडं फार कमी जणांना माहीत आहे.

सुना बोलायला घाबरतात, आपल्यालाच धरतील म्हणून. त्यांना कलम 24 सांगा: नवऱ्यानं, नातेवाइकांनी तिला भाग पाडलं असंच कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं, हे त्यांनी सिद्ध करायचं.