एस.एस. एक्झॉस्ट करून घेताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला फॅब्रिकेशनवाल्याकडे गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, "एम.एस. करायचं की एस.एस.?" म्हणजे साधं लोखंड (माइल्ड स्टील) की स्टेनलेस स्टील. आपण एस.एस. म्हणतो आणि पुढचं बोलणं थेट भावावर जातं. कुठलं एस.एस., हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझ्या पेट्रोल गाडीचा मधला पाइप आणि मागचा सायलेन्सर मी बाहेरून करून घेतला होता. गाडीचा रोजचा रस्ता खानापूर ते बेळगाव, शिवाय महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोवा. "तीनशे चारचा पाइप आहे" (304 ही स्टेनलेसची एक ग्रेड) म्हणत मिस्त्रीने खिशातून लोहचुंबक काढून पाइपला टेकवलं. "चिकटंना न्हवं? मग एस.एस.च की हे." चुंबक खरोखरच चिकटलं नाही. दुसरा पावसाळा सरला तेव्हा वेल्डिंगच्या दोन्ही अंगांना तपकिरी रेघ दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात सायलेन्सरच्या पोटाला टाचणीएवढं भोक पडलं. पाइपचा तुकडा फाउंड्रीतल्या मित्राकडे स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) लावला. निकेल जेमतेम 1 टक्का आणि मँगॅनीज 9 च्या वर. हे 304 नव्हतंच. 200 मालिकेतला, बाजारात जे-4 म्हणून मिळणारा पत्रा होता.

चुंबकावर ग्रेड ठरवू नका

304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याला चुंबक लागत नाही. निकेल महाग, म्हणून 200 मालिकेत ते कमी करून मँगॅनीज आणि नायट्रोजन घालतात. चुंबक त्यालाही लागत नाही. मात्र त्यात क्रोमियमही कमी असतं, त्यामुळे गंजाला तोंड देण्याची ताकद घटते. घरातल्या डब्याला ते चालून जातं. तापणाऱ्या, भिजणाऱ्या, वेल्डिंग केलेल्या पाइपला नाही.

उलट बाजूनेही फसगत होते. 409 या ग्रेडला चुंबक घट्ट चिकटतं, म्हणून लोक "हे तर लोखंड" म्हणून ते परत करतात. खरं तर 409 हे एक्झॉस्टसाठीच घडवलेलं स्टेनलेस आहे. त्यात सुमारे 11 टक्के क्रोमियम आणि थोडं टायटॅनियम असतं, आणि कंपनीचे कित्येक सायलेन्सर याच जातीचे असतात. वरून ते लालसर होतं, दिसायला वाईट दिसतं, पण आरपार गंजायला बराच काळ जातो. शिवाय अस्सल 304 चा पाइपही थंड वाकवला की वळणावर चुंबक हलकं ओढतो. तेवढ्यावरून त्याला नकली ठरवू नये.

मग ओळखायचं कसं? पाइपवर लांबीने छापलेली ओळ वाचा, तिच्यात ग्रेड आणि हीट नंबर (त्या ओतीचा क्रमांक) असतो. बिलावर ग्रेड लिहून घ्या. मनात शंका असेल तर कापलेला तुकडा मागून घ्या आणि तपासा. बेळगाव फाउंड्रीवाल्यांचं गाव आहे, स्पेक्ट्रोमीटर शोधत लांब जावं लागत नाही.

पाइप चांगला, वेल्डिंग वाईट

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, कारण इथला दोष बाहेरून दिसत नाही. स्टेनलेस साधारण 425 ते 850 अंशांत रेंगाळलं की आतला कार्बन क्रोमियमला धरून ठेवतो. वेल्डिंगच्या शेजारची पट्टी क्रोमियमला मुकते आणि नेमकी तिथेच गंजाची रेघ उमटते. म्हणून शक्यतो 304 एल मागा. साध्या 304 मध्ये कार्बन 0.08 टक्क्यांपर्यंत चालतो, एलमध्ये 0.03 पर्यंतच. टर्बोजवळच्या खूप तापणाऱ्या भागाला टायटॅनियम घातलेलं 321 बरं.

वेल्डिंगची तारही विचारा. 304 ला 304 जोडायचं तर 308 एल, आणि एम.एस. फ्लँजला (पाइपच्या टोकाची बोल्ट लावायची चकती) जोडायचं तर 309 एल. हाताला लागेल ती एम.एस. तार वापरली की जोड पहिल्याच पावसात लाल होतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे मिस्त्री करतात. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतही आर्गॉन वायू सोडावा लागतो. नाही सोडला तर आतली बाजू कढईला लागून करपलेल्या गुळासारखी काळी, खरबरीत होते. गंज तिथून आत शिरतो. गाडी ताब्यात घेण्याआधी शेपटाकडून मोबाइलचा टॉर्च मारून जेवढे जोड दिसतील तेवढे पाहा. त्याच दुकानात लोखंडावर चाललेलं ग्राइंडिंग व्हील किंवा वायर ब्रश एस.एस.वर चालवला तर लोखंडाचे कण चिकटून ठिपके पडतात. ते मटेरियलचा दोष नसतात.

क्रॅक गेला की ग्रेडलाच दोष

तापमान 400 अंशांनी वाढलं की एक मीटर 304 साधारण 7 मिमी लांबतो, 409 साडेचारच्या आसपास. पाइप टांगणाऱ्या जुन्या हँगरांवर नवा 304 आवळून बसवला, मध्ये फ्लेक्स पाइप (लवचीक तुकडा) ठेवला नाही, तर फ्लँजपाशी चीर जाणारच. अशा वेळी आधी हँगरचे रबर आणि इंजिन माउंट पाहा.

बर्फाच्या देशातले सल्ले

तिकडचे व्हिडिओ रस्त्यावर टाकलेल्या मिठाबद्दल बोलतात. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. आपला शत्रू पाऊस, आणि त्याहून वाईट म्हणजे छोट्या फेऱ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. टिळकवाडीहून शहापूरला जाऊन गाडी बंद केली तर ते वाफ होऊन निघून न जाता सायलेन्सरमध्ये साचतं. सर्वात खालच्या जागी 3 मिमीचं छिद्र ठेवायला सांगा आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास हायवेवर काढा.

अथणी-चिकोडीकडच्या कोरड्या भागात 409 किंवा त्याच जातीचं 439 पुरेसं आहे, उगाच जास्त पैसे घालू नका. जांबोटी, कणकुंबीच्या पावसात किंवा सारखं गोव्याला जाणं असेल तर 304 एल. समुद्रावरून आलात की गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा.

आवाजासाठी ग्रेड बदलू नका, आवाज पत्र्याच्या जाडीवर आणि सायलेन्सरच्या आतल्या रचनेवर ठरतो. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) कापायला कोणी सुचवलं तर गाडी तिथून काढा. धूर आणि आवाजाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

माझ्या गाडीला आता 304 एल आहे, तारही विचारून घेतली. यंदाच्या पावसाळ्यानंतर खाली सरकून पाहिलं तर सगळे जोड स्वच्छ होते. फक्त दोन बोल्ट लाल झालेत. ते एम.एस.चे राहिले होते, या रविवारी बदलायचे आहेत.